राजाचा खास माणूस नेमकं काय करतो?

बकिंगहॅम राजवाड्याची नोकरभरतीची जाहिरात निघाली की ती फिरत फिरत सोलापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर येऊन पोचते. 'राजाच्या घरात नोकरी, राहणं-जेवण तिथंच' असा मथळा आणि खाली राजवाड्याचा फोटो. त्यावरच्या प्रतिक्रियाही ठरलेल्या. हॉटेल मॅनेजमेंट करणाऱ्या पोरांना अर्ज कुठं करायचा ते हवं असतं. घरातली वडीलधारी मंडळी विचारतात, एवढं शिकून शेवटी दुसऱ्याचे बूटच पुसायचे का? दोघांच्याही डोळ्यांसमोर चित्र एकच असतं: हातात चहाचा ट्रे घेऊन कोपऱ्यात उभा असलेला माणूस.

ट्रे असतो, खोटं कशाला बोला. बूटही असतात. पण त्या दोन्हींना मिळून दिवसातला थोडाच वेळ जातो. बाकीचा वेळ वही, घड्याळ आणि चाव्या यांच्यात जातो, आणि ही नोकरी टिकते किंवा जाते ती त्या तीन गोष्टींवर.

आधी पंढरपूरची एसटी धरा

हे काम समजून घ्यायला लंडन गाठायची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात पंढरपुरात विठोबाची पूजा राजोपचारानं होते. पहाटे काकडआरतीनं देवाला उठवायचं, मग स्नान, पोशाख, दुपारी महानैवेद्य, संध्याकाळी धूपारती, रात्री शेजारती. राजाचा दिवस जसा जाईल तसा देवाचा दिवस बसवलेला आहे.

या उपचारांसाठी सात सेवाधारी घराणी होती: पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे आणि डांगे. पुजाऱ्यानं पूजा करायची, बेणाऱ्यानं मंत्र म्हणायचे, परिचारकानं स्नानाचं पाणी आणायचं, हरिदासानं पदं गायची, डिंगऱ्यानं आरसा धरायचा, दिवट्यानं मशाल आणि डांग्यानं चांदीचा दंड धरून उभं राहायचं. आरसा धरणारा मंत्र म्हणत नाही आणि मशालवाला पाण्याच्या घागरीला हात लावत नाही. ही वंशपरंपरेची व्यवस्था पंढरपूर मंदिरे कायदा, १९७३ यानं मोडली. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी २०१४ मध्ये मिटला. हक्क आणि उत्पन्नाचं ते भांडण बाजूला ठेवून नुसती कामाची वाटणी पाहिली, तर राजवाड्यातली खासगी सेवा कशी चालते त्याचा तो तयार नकाशाच आहे.

मग राजवाड्यात कोण कोण असतं?

'राजाचा पर्सनल असिस्टंट' असं एकच पद नसतं. जवळची माणसं साधारण चार प्रकारची असतात, आणि सगळा गोंधळ ती एक समजल्यानं होतो.

पहिला खासगी सचिव. याचा संबंध कागदांशी. सरकारकडून येणारी टपालं, भाषणं, भेटीच्या विनंत्या, कोणाला होकार आणि कोणाला नकार, हे सगळं त्याच्याकडून जातं. ब्रिटनच्या राजाकडं सरकारी कागदांच्या लाल पेट्या जवळपास रोज जातात, नाताळचा दिवस सोडून. त्यातला कागद वाचून सहीसाठी नीट लावून ठेवणं हे सचिवाच्या कचेरीचं काम.

दुसरा एक्वेरी. हा शब्द मुळात घोड्यांच्या पागेशी जोडलेला. आता तो सैन्यातून काही वर्षांसाठी आलेला अधिकारी असतो आणि दौऱ्यात, समारंभात राजाच्या शेजारी राहतो. आपल्याकडं राज्यपालांच्या मागं खांद्यावर सोनेरी दोरी लावलेला एडीसी दिसतो ना, तेच हे पद.

तिसरा व्हॅले, म्हणजे पुरुषाचा पोशाख आणि खासगी सामान सांभाळणारा. राणीकडं हेच काम करणाऱ्या बाईला ड्रेसर म्हणतात. चौथे पेज आणि फूटमन: दार, निरोप, ट्रे, पाहुण्यांची वर्दी. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनात जेम्स बाँडसोबत एलिझाबेथ राणीचा जो छोटा चित्रपट दाखवला, त्यात बाँडला आत घेऊन जाणारा माणूस राणीचा खराखुरा पेज होता. नट नव्हता.

आपल्याला हे नवं नाही. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतला मंत्री, म्हणजे वाकनीस, राजाची दिनचर्या लिहून ठेवायचा आणि भोजन, निमंत्रणं यांवर नजर ठेवायचा. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी त्या जागी दत्ताजी त्रिंबक होते. राजाचं जेवण आणि राजाची डायरी एकाच माणसाच्या नजरेखाली, आणि तो माणूस थेट प्रधान! पुढं बडोद्याला गायकवाडांनी घरच्या कारभारासाठी वेगळं 'खानगी' खातंच ठेवलं आणि त्यावर खानगी कारभारी नेमला. घरची व्यवस्था ही राज्यकारभाराइतकीच नेटकी ठेवायची गोष्ट आहे, हे आपल्या लोकांना कोणी शिकवावं लागलं नाही.

सहाच्या कार्यक्रमाला ४:३७ ला दार का वाजतं?

आता कामाच्या गाभ्याकडं. समजा, एखादी राजघराण्यातली व्यक्ती सोलापूरला आली आहे, मुक्काम होटगी रोडला आहे आणि संध्याकाळी सहाला हुतात्मा स्मृती मंदिरात कार्यक्रम आहे. नवखा माणूस म्हणेल, साडेपाचला निघू. जाणकार माणूस शेवटाकडून मागं मोजतो.

सहाला पडदा उघडायचा तर ५:५७ ला गाडी दारात लागली पाहिजे. रस्त्याला वीस मिनिटं आणि संध्याकाळच्या गर्दीचे दहा मिनिटं जादा, म्हणजे गाडी ५:२७ ला हलली पाहिजे. दारापर्यंत चालत येणं, कोणाला तरी नमस्कार करणं, गाडीत बसणं याला पाच मिनिटं: ५:२२. कपडे बदलायला पंचवीस: ४:५७. त्याआधी चहा आणि निवांत बसायला पंधरा: ४:४२. आणि आधीची भेट ४:४२ ला संपायची तर समोरच्या पाहुण्याला अवघडल्यासारखं न होता उठायला पाच मिनिटं लागतात. म्हणून ४:३७ ला दारावर टकटक होते आणि कोणी तरी आत येऊन नुसतं उभं राहतं. बोलत काहीच नाही. त्या उभं राहण्याचा अर्थ आत बसलेल्या राजाला कळतो.

हे सगळे आकडे एका पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर येतात. डावीकडं वेळ, मधे ठिकाण, उजवीकडं भेटणाऱ्याचं नाव आणि त्याच्याबद्दल एक ओळ: 'मागच्या वर्षी पत्नी वारली', 'डाव्या कानानं कमी ऐकू येतं', 'हातमागाचा धंदा, चादरीबद्दल विचारावं'. एकच ओळ, कारण गाडीत बसून तेवढीच वाचून होते. कार्ड खिशात मावलं पाहिजे आणि चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे. मजकूर जास्त झाला म्हणून अक्षर बारीक करणारा माणूस या कामाचा नव्हे.

आदल्या दिवशी एक्वेरी ती सगळी वाट स्वतः चालून बघतो. गाडीचं दार कोणत्या बाजूला उघडणार, पायऱ्या किती, पहिली पायरी इतरांपेक्षा उंच तर नाही ना, सतरंजीची कड वर आलेली आहे का, स्वच्छतागृह कुठं, पाऊस आला तर छत्री कोण धरणार. एलिझाबेथ राणी पारदर्शक छत्री वापरायची ती हौस म्हणून नव्हे. तासभर पावसात उभ्या राहिलेल्या माणसांना तिचा चेहरा दिसावा म्हणून.

गंमत म्हणजे उशिरा पोचण्याइतकंच लवकर पोचणंही वाईट. दहा मिनिटं आधी गेलं तर यजमान अजून हाराच्या सुया टोचत असतात आणि सगळ्यांचीच फजिती होते. अशा वेळी ड्रायव्हरला खुणावून पार्क चौकाला एक फेरी मारायची.

एवढा प्रोटोकॉल कशाला?

प्रोटोकॉल म्हणजे कोण आधी, कोण नंतर, कोणी कुठं उभं राहायचं याचा ठरलेला क्रम. बाहेरच्याला तो मोठेपणाचा थाट वाटतो. पण गड्ड्याच्या यात्रेत बघा. सात नंदीध्वज, त्यांचा क्रम ठरलेला, मानकरी ठरलेले, थांबे ठरलेले. संक्रांतीच्या दिवसांत लाखोंच्या गर्दीतून ते उंच काठीचे नंदीध्वज पुढं सरकतात ते या क्रमामुळंच. आधी कोण यावर दरवर्षी नव्यानं वाद घालायचा म्हटला तर मिरवणूक वाड्याच्या दारातच अडकेल.

क्रम चुकला तर काय होतं, याचा दाखला मराठी माणसाला ठाऊक असलेलाच आहे. १२ डिसेंबर १९११ ला दिल्ली दरबारात सयाजीराव गायकवाड पाचव्या जॉर्जसमोर एकदाच लवले आणि पाठ फिरवून परत गेले. रीत होती मागं सरकत जाण्याची. त्यावरून एवढा गदारोळ झाला की महाराजांना व्हाइसरॉयकडं खुलासा पाठवावा लागला. त्यांनी ते मुद्दाम केलं की गडबडीत झालं यावर आजही वाद घालता येतो. जवळच्या सेवकाच्या दृष्टीनं मात्र धडा सरळ आहे: मुद्दाम करायचं असेल तर तो मालकाचा निर्णय, चुकून होऊ नये, ही जबाबदारी आपली. त्यासाठी आदल्या दिवशी त्याच जागी, त्याच जोड्यांत आणि त्याच लांब अंगरख्यात तालीम करायची. साध्या कपड्यातली तालीम उपयोगाची नाही, कारण मागं सरकताना पायात येतो तो अंगरखाच.

जामदारखाना: कपड्यांचं खातं

जुन्या वाड्यात उंची वस्त्रं आणि दागिने ठेवायच्या जागेला जामदारखाना म्हणत. व्हॅले किंवा ड्रेसर म्हणजे या खात्याचा मालक, आणि हे खातं दिसतं त्यापेक्षा फार अवघड आहे. सोलापूर हे कापडाचं गाव असल्यानं यातलं बरंचसं इथल्या वाचकांना पटकन पटेल.

लोकरी कोट घ्या. अंगावरून उतरला की थेट कपाटात जात नाही. खिसे रिकामे करायचे, रुंद खांद्याच्या लाकडी हँगरवर लावायचा, वरून खाली एकाच दिशेनं मऊ ब्रश फिरवायचा आणि निदान चोवीस तास मोकळ्या हवेत टांगायचा. रोज तोच कोट घातला तर लोकरीला पूर्ववत व्हायला वेळ मिळत नाही आणि कोपरावर फुगवटा येतो. इस्त्री थेट लोकरीवर कधीच नाही. ओलसर सुती फडकं मधे घालायचं, नाहीतर कापडावर चकाकी येते आणि ती पुढं जात नाही. बाजारातल्या कितीतरी सुटांच्या बाह्यांवर ती दिसते.

प्रवासासाठी घडी घालायची रीत वेगळी. बटणं काढून कोट समोर धरायचा. डावा खांदा आतून बाहेर उलटवायचा आणि उजवा खांदा त्याच्या पोकळीत बसवायचा. आता अस्तर बाहेर आणि कापड आत आलं. जिथं घडी पडणार तिथं पातळ कागदाची गुंडाळी ठेवायची, म्हणजे मोड गोलसर येतो, धारदार रेघ पडत नाही. मग आडवी एकच घडी घालून पेटीत सगळ्यात वर ठेवायचा. मुक्कामी पोचल्यावर पहिलं काम हा कोट बाहेर काढायचा, न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ कोंडायची आणि पंधरा-वीस मिनिटं तिथं टांगायचा. निम्म्या सुरकुत्या तिथंच जातात.

जरीच्या साड्यांचे नियम आपल्या आज्यांना माहीत आहेतच. मलमलीत गुंडाळायची, लोखंडी हँगरला लावायची नाही, दर काही महिन्यांनी घडी बदलायची म्हणजे एकाच ठिकाणी जर तुटत नाही. डांबराची गोळी जरीला चिकटून ठेवायची नाही. अत्तर साडी नेसल्यावर फवारायचं नाही, आधी अंगाला लावायचं, वाळलं की मग साडी. नाहीतर जर काळी पडते. राजघराण्यातली ड्रेसर यापेक्षा वेगळं काही करत नाही. फक्त ती करते ते लिहून ठेवते: कोणता पोशाख कोणत्या तारखेला, कोणत्या गावी, कोणासमोर घातला. तेच लुगडं त्याच गावी पुन्हा नेसलं तर फोटोत दिसतं.

बारीक युक्त्याही असतात. वाऱ्यात घागरा उडू नये म्हणून काठात छोटी वजनं शिवतात. नवे बूट आधी सैल करतात. एलिझाबेथ राणीच्या पोशाखाचं काम पाहणाऱ्या अँजेला केली यांनी २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितलं की राणीचे नवे बूट त्या स्वतः घालून फिरायच्या, कारण राणीला त्यासाठी वेळ नसायचा आणि दोघींच्या पायाचं माप एकच होतं. आपल्याकडं हे ऐकून हसतात. पण समारंभात तीन तास उभं राहायचं असताना टाचेला फोड आला, तर चेहऱ्यावर दिसतोच.

पदकांचं काम सगळ्यात जोखमीचं. स्वतः मिळवलेली पदकं छातीच्या डाव्या बाजूला; वारलेल्या वडिलांची किंवा पतीची मानानं लावायची असतील तर उजव्या बाजूला. त्यांचा आपापसातला क्रमही ठरलेला. क्रमाचा फोटो काढून पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवून ठेवायचा, कारण सकाळी सहाला आठवणीवर विसंबलं तर चूक ठरलेली. ती चूक शेजारी उभ्या असलेल्या एखाद्या निवृत्त सुभेदाराच्या लगेच लक्षात येते.

आणि एक काळा पोशाख. ६ फेब्रुवारी १९५२ ला राजकन्या एलिझाबेथ केनियात असताना वडील वारले आणि परतीच्या विमानात ती राणी म्हणूनच बसली. परदेश दौऱ्याला निघताना राजघराण्याच्या सामानात शोकाचा पोशाख असतो तो अशा वेळेसाठी. व्हॅलेनं तो बांधायचा आणि त्याबद्दल बोलायचं नाही.

वही नसेल तर काय होतं?

भेटवस्तू येतात. शाल, चांदीची मूर्ती, कोणाच्या तरी आजीनं विणलेला रुमाल. मोठ्या माणसांना मिळालेल्या सरकारी भेटी सहसा त्यांच्या खासगी मालकीच्या नसतात. आपल्याकडं मंत्र्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या परदेशी भेटी तोशाखान्यात, म्हणजे सरकारी भेटवस्तूंच्या भांडारात, जमा करायचा नियम आहे. पाकिस्तानात इम्रान खान यांच्यावरच्या खटल्यामुळं हा शब्द बातम्यांत बराच गाजला.

नोंदवहीत सात रकाने पुरतात: तारीख, देणारा, वस्तू, वजन किंवा माप, अवस्था, कुठं ठेवली, आभाराचं पत्र गेलं का. 'अवस्था' हा रकाना नवखे गाळतात. मूर्तीचा हात आधीच मोडका होता की आपल्याकडं मोडला, हे सहा महिन्यांनी कोणाला सांगता येत नाही.

वहीचं मोल कळायला एक खटला पुरे. डायना यांचे बटलर पॉल बरेल यांच्यावर त्यांच्या वस्तू चोरल्याचा आरोप होता. खटला उभा राहिला आणि १ नोव्हेंबर २००२ ला कोसळला, कारण राणीला आठवलं की काही कागद आपण सांभाळून ठेवतो आहोत असं बरेल यांनी तिला पूर्वी सांगितलं होतं. एका तोंडी वाक्यावर एका माणसाची अब्रू टांगली होती. 'वस्तू अमुक, सांभाळायला माझ्याकडं, परवानगी यांची, तारीख ही' एवढी एक ओळ सहीनिशी असती तर कोर्टाची पायरी चढावी लागली नसती.

चाव्यांचंही तसंच. चावी घेताना सही, देताना सही, आणि घरी कधीच न्यायची नाही. रात्री दहाला 'सकाळी देतो' म्हणणाऱ्या माणसाला चावी देणारा जास्त दोषी.

राजाच्या जवळ म्हणजे वट मोठी, नाही का?

इथंच सगळ्यात जास्त माणसं घसरतात. गावात सांगायला बरं वाटतं, 'आपला शब्द साहेब टाळत नाहीत'. एकदा का असं म्हटलं की अर्ज घेऊन माणसं दारात येतात आणि त्या दिवसापासून सेवक दलाल होतो.

अब्दुल करीम यांचं उदाहरण घ्या. आग्र्याच्या तुरुंगात कारकून होते. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाला जेवणघरात वाढायला म्हणून गेले. राणीला त्यांनी हिंदुस्थानी शिकवली, मुन्शी झाले, पुढं तिचे हिंदुस्थानी सचिवही झाले. राजवाड्यातल्या गोऱ्या मानकऱ्यांना ते सहन होईना. १८९७ मध्ये फ्रान्सच्या दौऱ्यात मुन्शी बरोबर असतील तर आम्ही राजीनामे देतो, अशी धमकी त्यांनी दिली. त्यात वंशद्वेष उघड होता. राणी असेपर्यंत मुन्शींना कोणी हलवू शकलं नाही. २२ जानेवारी १९०१ ला ती गेली. नव्या राजानं त्यांच्याकडची पत्रं जाळायला लावली आणि त्यांना आग्र्याला परत पाठवलं. १९०९ मध्ये ते तिथंच वारले. जवळीक एका व्यक्तीशी असते. व्यक्ती गेली की तिच्यासोबत ती जवळीकही जाते. पद आणि नेमणुकीचा कागद मागं उरला तर उरला.

उलट बाजूचाही किस्सा आहे. श्रीअरविंद बडोद्याच्या नोकरीत असताना १९०३ च्या काश्मीर दौऱ्यात सयाजीरावांचे खासगी सचिव म्हणून गेले. दोघांत खटके उडाले आणि तो प्रयोग पुन्हा झाला नाही. विद्वत्ता कमी होती असं कोण म्हणेल? पण रोज सकाळपासून रात्रीपर्यंत दुसऱ्याच्या लयीवर चालायचं हे वेगळं कसब आहे, आणि ते सगळ्यांत नसतं. असावं असंही नाही.

ही गुलामगिरीच ना?

प्रश्न रास्त आहे. आपल्याच संस्थानांत पिढ्यान्‌पिढ्या वेठीनं आणि जातीनं राबणारी माणसं होती, हे विसरून 'सेवेची थोर परंपरा' वगैरे लिहिणं बरोबर नाही. अक्कलकोट संस्थान ८ मार्च १९४८ ला विलीन झालं. पुढं १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीनं सगळ्याच राजांचे तनखे गेले, आणि अशा घरांतली कितीतरी माणसं बिनपगारी झाली. ना पेन्शन, ना दाखला.

कसोटी एकच लावायची: नाही म्हणता येतं का? लेखी करार, कामाचे तास, सुट्टी, नोकरी सोडायची मुदत आणि पासपोर्ट स्वतःच्या कपाटात, एवढं असेल तर ती नोकरी. यातलं एक जरी नसेल तर वाडा कितीही मोठा असो, पाय मागं घ्यावा.

करार असूनही कष्ट आहेतच. घर हललं की सेवकही हलतो: उन्हाळ्यात बाल्मोरल, नाताळात सँड्रिंगहॅम. सण असतो त्याच दिवशी काम दुप्पट. दिवाळीला सोलापूरला यायचं म्हटलं तर आधी वेळापत्रक बघावं लागतं. राहायला खोली मिळते पण तिच्यापोटी पगारातून रक्कम वळती होऊ शकते. जाहिरातीतला आकडा वाचताना लोक हे पाहत नाहीत.

ब्रशवर टूथपेस्टसुद्धा सेवकच काढतो म्हणे?

चार्ल्स यांच्याबद्दलची ही गोष्ट फार फिरते. १९९० मध्ये पोलो खेळताना त्यांचा उजवा हात मोडला होता आणि त्या दिवसांत सेवकानं पेस्ट काढून दिली, असा तिचा उगम सांगितला जातो. हात गळ्यात बांधलेल्या माणसाला हे कोणीही करेल. कथा मात्र हात बरा झाल्यावरही चालूच राहिली.

खर्च कोण करतं?

ब्रिटनमध्ये अधिकृत कामाचा खर्च सरकारी अनुदानातून होतो. ते २०२४-२५ ला ८.६३ कोटी पौंड होतं आणि २०२५-२६ ला १३.२१ कोटी झालं, मुख्यतः बकिंगहॅम राजवाड्याच्या जुन्या वायरिंग आणि पाइपांच्या दुरुस्तीमुळं. अधिकृत कामासाठी नेमलेल्या सेवकांचे पगार त्यातून. राजाचा खासगी खर्च वेगळ्या जमिनींच्या उत्पन्नातून.

सोलापूरहून जायचं तर

ब्रिटिश राजघराण्याच्या जागा त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच निघतात, अर्जाला पैसे लागत नाहीत आणि तिथं काम करायचा कायदेशीर हक्क आधीच असावा लागतो. सुरक्षा तपासणी कडक असते. म्हणजे नवी पेठेतल्या एखाद्या कचेरीत 'पॅलेस व्हिसा' म्हणून दीड लाख मागणारा माणूस खोटं बोलतो आहे, यावर फार विचार करायची गरज नाही.

आखाती देशांतल्या मोठ्या घराण्यांकडं मात्र खरीच भरती होते आणि फसवणूकही तिथंच जास्त. दहावी नापास माणसाच्या पासपोर्टवर त्या देशांसाठी परदेशगमन मंजुरी लागते. अशा पासपोर्टवर घरकामासाठी जाणाऱ्या बाईचं वय किमान तीस असावं लागतं. एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडं नोंदलेला हवा. त्याचा क्रमांक ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. त्याला घेता येणारी फी ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, बस. पावती मागा. पावतीला नाही म्हटला तर उठा. टुरिस्ट व्हिसावर जा, तिथं गेल्यावर बदलून घेऊ, असं म्हणणाऱ्याकडं तर बसूच नका, कारण तिथं उतरल्यावर कागदोपत्री तुम्ही कामगार नसताच.

तिथं मालकानंच व्हिसा काढलेला असतो आणि बराच काळ सगळं त्याच्या हातात असतं. पासपोर्ट 'सुरक्षित ठेवतो' म्हणून मागतात. भारतीय पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, ती दुसऱ्याकडं द्यायची नसते, झेरॉक्स द्या. कराराची प्रत इथं घरी आईकडं ठेवून जा.

आणि नोकरी सोडताना: फोनमधले घरच्या माणसांचे नंबर, मुलांचे फोटो, औषधांची यादी, तिजोरीचा आकडा, हे सगळं त्या घरचं असतं. यादी करून पुढच्या माणसाच्या हवाली करायचं, त्याची सही घ्यायची, मग फोन त्याच्यासमोरच रिकामा करायचा. सहीची एक प्रत स्वतःजवळ ठेवायची. चाव्या शेवटी.